विरजण

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात
तांबोळीचाचांनी चमचाभर दिलं.
झाकणाला सुईनं पाडलेली भोकं, वर कापसाचा बोळा.
"विरजण आहे," म्हणाले, "दह्यासारखंच जपायचं.
फक्त कढी करू नका."

रविवार पेठेतून धनकवडीपर्यंत
डबा मांडीवर धरून बसले बसमध्ये.
शेजारच्या बाई म्हणाल्या, कुठलं हो श्रीखंड?
मी म्हटलं, घरचं.

घरी फायटरची पिल्लं, दोन दिवसांची,
बदामाच्या वाळल्या पानाखाली
शेपट्या खाली सोडून लटकलेली.
एखादं निसटून तळाला जायचं,
बाप ते तोंडात धरून पुन्हा बुडबुड्यांत ठेवायचा.
दिवसभर हेच.
त्यांचं तोंड टाचणीच्या टोकाहून बारीक.
बाजारातलं काहीच त्यात मावत नाही.

म्हणून ओट्स शिजवले, गार केले,
चिमूटभर यीस्ट, वर चाचांचा चमचा.
दुसऱ्या दिवशी काही नाही.
तिसऱ्या दिवशी पिठाची साय हलतेय असं वाटलं,
चष्मा पुसला,
तरी हलतेय.
चौथ्या दिवशी ते डब्याच्या भिंती चढू लागले,
तान्ह्याच्या जावळासारखे, ओले, चमकते, हजारांनी.
भांड्याचं पीठ निपटावं तसं बोट फिरवायचं
आणि बोट पाण्यात बुडवायचं.
एवढंच जेवण.

मग हात वाहवत गेला.
बाल्कनीत निळा टब, त्यात हिरवं पाणी,
पाण्यात उड्या मारणारे ठिपके.
गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारीच बादल्या भरते.
क्लोरीन उडावं म्हणून, असं हेरंबला सांगते.
ओट्यावर सोड्याची बाटली उलटी टांगलेली,
मिठाच्या पाण्यात चोवीस तास बुडबुडे,
मग अंडी फुटून नारिंगी धूर.
खालून टॉर्च धरला की सगळी उजेडाकडे धावतात.
तेवढ्यात नळी सोडायची.
हेरंब म्हणाला, "जन्माला घालतेस ती खाऊ घालायलाच?"
मी नळीला फडकं लावत होते.
नंतर भाजी चिरताना आठवलं, उत्तर द्यायचं राहिलं.

जुलैत महापालिकेचा मुलगा आला डेंग्यूच्या तपासणीला,
ओळखपत्रावर सोपान वाघोले.
टबात टॉर्च मारून म्हणाला, "ताई, आळ्या आहेत."
"आळ्या नाहीत, पिसवा आहेत. पाण्यातल्या."
"मग तर अजूनच वाईट."
त्याच्या तळहातावर थेंब ठेवला, भिंग दिलं.
काचेसारखं पोट,
आत पाच-सहा पिल्लं दाटीवाटीनं,
पाठीजवळ काहीतरी भराभर धडधडणारं.
तो बराच वेळ वाकून राहिला.
खालून त्याच्या साहेबांनी दोनदा हाक मारली.
वहीत लिहिलं, निरंक.
जाताना म्हणाला, "जाळी लावा टबाला.
आणि हे मोठे झाले की कसे दिसतात?"
मी म्हटलं, असेच.

एप्रिलात चाचांचा फोन.
मोतीबिंदूचं ऑपरेशन, आठवडाभर मुलीकडे,
दुकानात कोणी पीठ बदललं नाही,
वर पत्र्याचं छप्पर.
सगळे डबे काळे पडले.
"वीस वर्षांचं होतं. कुणाकुणाला दिलं,
आता कुणाकडे मागू सुचेना.
तुमच्याकडे उरलंय का?"

तोच डबा. तीच भोकं.
बसमध्ये या वेळी कुणी विचारलं नाही.

डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला धूसर.
झाकण उघडून त्यांनी आधी वास घेतला.
"आंबट आहे," म्हणाले, "म्हणजे आहे."
मग डबा दारातल्या उन्हात धरला,
तिरपा केला, जवळ नेला, लांब नेला,
काही दिसेना.

"चढतायत का?"

मी वाकून पाहिलं.
चढतायत, म्हटलं.