अदमास

वस्तरा हातात नसतो तेव्हा बाबांचा हात
मांडीवर मांजर झोपावं तसा असतो.
कुणाला वाटणारही नाही, काही बिघडलंय.
वस्तरा उचलला, गळा जवळ आला
की सुरू होतं.
शेवटच्या चार बोटांच्या अंतरात हात वाट चुकतो,
पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे,
जणू अंधारात कडी शोधतोय.

ओल्गीनमध्ये, बाजारामागच्या गल्लीत आमचं दुकान.
एकच खुर्ची. तिचा पाय कधीचा तुटलाय, विटेवर टेकलेला.
इथे झोकांड्या खात कुणी गेलं तर कुणी हसत नाही,
सरकून भिंतीकडची बाजू देतात.
सान्तियागोच्या बसअड्ड्यावर मात्र
तिकीटवाला म्हणाला, म्हातारा सकाळीच झोकून आलाय.
बाबांना उत्तर द्यायचं होतं.
पण शब्दही आता पायरी-पायरीने उतरतात.
उत्तर खाली पोचेपर्यंत बस सुटली होती.

डॉक्टर निउर्का म्हणाल्या,
हुकूम वरून सुटतो : ऊठ, घे, काप.
खाली, मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर
लहान मेंदू बसलेला असतो.
तो हुकूम देत नाही.
तो अदमास घेतो.
हात कुठे आहे, कुठे असायला हवा होता,
आणि चूक घडायच्या आत
दुरुस्ती धाडून मोकळा होतो.
सायकल, पोहणं, कात्री, जिन्यातला अंधार,
जे जे अंगवळणी पडलं
ते त्याच्याच वहीत.
त्याने काम चोख केलं तर तो आहे हे कळतच नाही.

मग पडद्यावर दाखवला. कोबीच्या गड्ड्यासारखा,
पानाला पान चिकटून असायला हवं होतं.
पानांमध्ये फटी होत्या.

बाबांची नजरही आता उशिरा पोचते,
म्हणून त्यांनी अख्खी मान वळवून पाहिलं.
बराच वेळ. मग हसले.
"चा-ळी-स वर्षं," म्हणाले,
"मी ति-थं-च मशीन फिरवलं."
खरंच की. या कानामागून त्या कानामागे,
गावातल्या प्रत्येक मानेवर
बरोबर तेवढ्याच जागेवर.

आर्हेलियो अजूनही शनिवारी येतो.
खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, हनुवटी वर करतो.
"काप रे," म्हणतो, "तसंही त्या नरड्यात आता
दात नसलेल्या बायकोच्या शिव्याच उरल्यात."
त्याच्या हनुवटीवर दोन पांढऱ्या रेघा आहेत,
मागच्या पावसाळ्यातल्या.
तो त्यांच्याबद्दल बोलत नाही.

तेव्हापासून आम्ही काम वाटून घेतलंय.
फेस बाबा करतात.
ब्रशला थरथर चालते.
फेस उलट दाट येतो, दुधावरच्या सायीसारखा,
थोडा आर्हेलियोच्या नाकात, थोडा भिंतीवर.
वस्तरा माझ्याकडे.

दवाखान्याच्या कपाटात माझ्या नावाचं एक पाकीट आहे.
आत एकच शब्द असेल, दोहोंपैकी एक.
आजीला होतं, बाबांना आहे.
मी अजून आणायला गेलेले नाही.
पण दुकान बंद केल्यावर, दिवा मालवायच्या आधी,
आरशासमोर डोळे मिटून
नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघते.
या गावात किती आरशांनी हे पाहिलं असेल.

काल बाबांची मान साफ केली.
डोकं जरासं डोलत होतं, बोटीत बसल्यासारखं.
डावा तळवा त्यांच्या कपाळाला लावला,
वस्तरा केसांच्या कडेला टेकवला,
आणि हात गेला, आपला आपण,
नेमका, न विचारता, न थांबता.
मीच दचकले.

"सा-व-का-श," बाबा म्हणाले.
आणि मी ज्या जागेवरून वस्तरा फिरवत होते
ती जागा, कातडीखाली, हाडाखाली,
त्यांच्या खांद्यावर पडलेला एक केस
झटकायला त्यांचा हात पाठवत होती.
तो तीनदा चुकला.
चौथ्यांदा मी झटकला नाही.
थांबले.