तीन दिवस पाणी नको

नव्या टाइल्स परवडेनात,
म्हणून बावीस पौंडांचा डबा, एक रोलर
आणि न्यूपोर्टमधला अख्खा शनिवार.

साबणाने घासलं, पॉलिशपेपर फिरवला.
तपकिरी गव्हाच्या ओंब्या
पहिल्या हातात धुरकटल्या,
दुसऱ्या हातात गेल्या.
मुकुलच्या कोपराला तेवढा पांढरा डाग.

डब्यावर बारीक अक्षरात:
तीन दिवस पाणी लागू देऊ नका.

मग टॉवेल खांद्यावर टाकून
शेजारी ग्लेनिसकडे आंघोळीला.
कडी लावली, दिव्याची दोरी ओढली,
तर भिंतभर त्याच ओंब्या,
पन्नास वर्षं पुसून पुसून
पिकत आलेल्या.

अंगावर गरम पाणी घेत
मी एकेक मोजत राहिले.
बाहेरून तिची हाक,
“पाणी पुरतंय ना, लव्ह?”