तीन डबे

किंगानं काचेवर तीन डबे उघडले:
काळा, चांदीच्या रंगाचा, आणि एक सायीसारखा.
"तिन्ही गोंगाट गिळतात, आजोबा.
फरक एवढाच, कोण किती हळुवार गिळतं."

मी ग्दान्स्कच्या गोदीत बत्तीस वर्षं
जहाजांच्या पोटात शिरून पत्रे घासले.
डाव्या कानात तेव्हापासून किटली शिट्टी देतेय,
कुणी ती शेगडीवरून उतरवत नाही.
मला कसला फरक कळणार?
पण ब्रोन्कानं निवड माझ्यावरच सोपवली,
कारण तिला ज्या आवाजातून सुटायचंय
तो माझा आहे:
संध्याकाळचा टीव्ही, अठ्ठेचाळीसवर,
बर्फाच्या उतारावरून झेपावणारी पोरं
आणि निवेदकाची बोंब,
अन् पलीकडे स्वयंपाकघरात शब्दकोडं घेऊन ती.

काळा चढवला.
दुकानातला एसी गेला, बाहेरची ट्राम गेली,
कान असे दाबले गेले की वाटलं पाणबुडीत उतरलो.
उरली शिट्टी. इतकी स्वच्छ मी ती कधी ऐकली नव्हती.

चांदीवाला जड.
ब्रोन्काची मान धरते, म्हणून बाद.
किंमत ऐकली,
तर मान न धरताही बाद.

"पण गोंगाट जातो कुठं?"
"कुठंच जात नाही," किंगा म्हणाली,
"आतलं यंत्र तसाच आवाज उलटा करून सोडतं.
दोन लाटा एकमेकींना खातात,
उरते ती शांतता."
म्हटलं, ठाऊक आहे,
आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली.
ती हसली. ऐकू आलं नाही, दिसलं.

मग मी भिंतीवरचा सगळ्यात मोठा टीव्ही लावायला सांगितला,
अठ्ठेचाळीसवर.
गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.
सायीच्या हेडफोनमध्ये सगळी घरघर मावळली,
पण माणसाचा आवाज थोडा उरलाच,
शेजारच्या घरातलं भांडण उरतं तसा,
शब्द नाहीत, नुसता चढउतार.
"एकसुरी आवाज सहज जातो," किंगा कागदावर लिहून दाखवायला लागली,
"माणूस पूर्ण जात नाही."

हे वाचून मला बरं वाटलं, का ते विचारू नका.

"आणि कुणी बोलायला आलं,
तर उजव्या कानावर तळवा धरायचा, असा."
मी धरला.
दुकान परत आलं: पावतीचं यंत्र, कुणाचं तरी रडणारं मूल.

गोदीच्या फाटकाशी, भोंगा चालू असताना,
ब्रोन्का अशीच कानाशी हात धरून पुढं वाकायची.
मी जीव तोडून ओरडायचो.
बहुतेक वेळा, डब्यात काय आहे, एवढंच.

सायीचा द्या.
चौदाशे झ्लॉटी, दोन वर्षांची वॉरंटी.
पावती तिच्या नावावर करा,
आणि तो तळव्याचा कागद वरच ठेवा,
तिच्या हाताला पहिला लागेल असा.