अकरा महिने

पडद्यावर घोडीच्या पायातली शीर, राखाडी,
मधोमध एक काळं भोक,
लोकरीच्या मोज्याला कसर लागावी तसं.
डॉक्टर म्हणाले, कंडरेचे धागे तुटलेत, तिसरा हिस्सा तरी.
माझ्या तळव्याला ते पहाटेच कळलं होतं,
खरारा करताना, पुढच्या उजव्या नळीमागे
नुकत्याच उकडलेल्या अंड्याची ऊब.

म्हातारा फिनबार दारात टेकून उभा.
त्याच्या काळी लोखंड लालबुंद तापवायचे
आणि पायावर ओळी ओढायचे, वहीच्या पानासारख्या.
बऱ्या व्हायच्या?
"काही व्हायच्या," तो म्हणाला.
"डागलेली घोडी वर्षभर पळवत नसत ना.
बरं करायचं ते वर्ष.
लोखंड आपलं मालकाच्या समाधानाला."

मालक डब्लिनहून फोनवर.
मूळपेशी काढता येतील, छातीच्या हाडातून,
त्या वाढायला तीन आठवडे.
किंवा तिचंच रक्त घुसळून, वरचं लोणी
सुईनं त्या भोकात.
किंवा लहरींचं यंत्र.
किंवा थंड पाणी, आणि चालणं.
"सगळं करा," मालक म्हणाला. मागे कुठेतरी चमचे वाजत होते.
दुपारी तीनला तिचा पाय भादरला मीच.

फेब्रुवारीत एका शिंगरानं मला रिकिबीतून फरपटवलं.
गुडघ्यात दोन अस्थिबंध असतात, एकमेकांवर आडवे, क्रूसासारखे.
माझ्या क्रूसाची एक दांडी गेली.
सरकारी दवाखान्याचं पत्र फ्रिजवर चिकटवलंय:
आपलं नाव यादीत आहे. अकरा महिने.
तोवर भिंतीला पाठ, टाचेखाली टॉवेल, दिवसातून तीनदा.
राग? आला होता. घोडीवर नाही.

सहाला ओहोटी. मीथचा किनारा रिकामा,
एक बाई कुत्र्याला हाका मारतेय.
मी मिसेस हॅनिगनला (हे घोडीचं नाव)
गुडघाभर पाण्यातून चालवते, दहा मिनिटं, घड्याळ लावून.
पुढच्या आठवड्यात पंधरा.
डॉक्टर म्हणाले होते, नवे धागे आधी
पेंढ्यासारखे कसेही पडतात.
कुठं जायचं ते त्यांना चालण्यानंच कळतं.

ती उजवीकडे झुकते, मी डावीकडे.
मागून पाहिलं तर, फिनबार म्हणतो,
दोघींचं काहीतरी भांडण झालंय.

पाणी इतकं गार की दुखणं कुणाचं ते कळेना.
घड्याळ वाजलं.
ती हलली नाही.
मीही लगाम ओढला नाही.