नऊ नंबर

ऐरोलीच्या खाडीकाठी
तिवराच्या एका श्वासमुळानं
माझं झाकण टोपीसारखं घातलं होतं.
माझं म्हणजे, मी काढलेलं.
निळं, पाच लिटरच्या कॅनचं.
आत नवाचा आकडा
आणि नवाच्या पोटात तिरका ओरखडा.
टोपी घालून मुळाला श्वास घेता येत नाही.
मी ती काढली.

रबाळ्याच्या शेडमध्ये सोळा पोकळ्यांचा साचा होता.
बारा सेकंदांना सोळा झाकणं,
एका पाळीला अडतीस हजार चारशे,
जेवायला उठलो नाही तर.
नवव्या पोकळीतला ओरखडा मी टूलरूमच्या कुट्टीला दाखवला.
म्हणाला, झाकण आतून कोण बघतंय?

शेडच्या जागी आधी आमचं खाचर होतं.
जमीन गेली, मशीन मिळालं.
तेव्हा वाईट वाटलं नाही, खरं सांगतो.
पहिल्याच महिन्यात दोन रिजेक्ट कॅन घरी नेले.
पितळी हंड्यानं आईची मान
एका अंगाला कलली होती.
तिनं कॅन उचलला, पुन्हा उचलला.
कवरा हलका हाय र ह्यो.
हंडा त्याच आठवड्यात मोडीत गेला.

पुढे बाबांना सलाईन लागलं,
तेव्हा सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते,
मी नळीच्या जोडाकडे.
एवढासा जोड, रात्रभर एक थेंब गळला नाही.
कुणीतरी पाळीवर नीट उभं होतं.

शनिवारी टॉवरमधली मुलं येतात,
हातमोजे घालून, पोती घेऊन.
गुडघाभर चिखलातून
त्यांतली शर्वरी मला विचारते,
काका, हे एवढं येतं कुठून?
वरून येतं, भरतीबरोबर, मी म्हणालो.
तसं ते खोटंही नव्हतं.
झाकण माझ्या मुठीत होतं.

नाक्यावरचा इद्रीस पोतं उलटं करतो.
बाटल्या इकडे, झाकणं तिकडे, भाव वेगळा.
वेफरची चकचकीत पाकिटं पायानं बाजूला:
ही कुणीच घेत नाही, चाचा.
ती परत पोत्यात, पोती गाडीत, गाडी तुर्भ्याला.
तिथं पुढं काय होतं, मी विचारलं नाही.
पॅकिंगच्या पुढचं
मी कधीच विचारलेलं नाही.

घरी मोरीत फिनेलचा जुना कॅन आहे,
तोंडाला पिशवी आणि रबरबँड.
झाकण दातांच्या ब्रशनं घासलं,
आट्यांतली खाडी निघायला वेळ लागला.
मग लावलं.
दीड फेरा, आणि टक्.
तेवीस वर्षांनी.

कॅन उलटा केला.
सुगंधा दारात येऊन म्हणाली, गळतंय का?
नाही म्हणालो.
मग ठेवा की खाली.

मी धरूनच होतो.