एक मीटर शहाऐंशी

चहाचा कारखाना बंद पडला त्या वर्षी
गावातल्या सगळ्यांनीच तिथून काही ना काही उचललं.
वालिकोनं खिडक्या. गोचानं एक अख्खा लोखंडी जिना,
जो अजून त्याच्या अंगणात उभा आहे,
कुठेच न जाणारा.
माझ्या बापानं नळ्या आणल्या.

आई तेव्हा बारीला होती, दोन समुद्र ओलांडून,
कुणा म्हाताऱ्या सिन्योराच्या घरी.
तिला उचलायचं, न्हाऊ घालायचं, कुशीवर वळवायचं,
आणि महिन्याच्या महिन्याला झेस्तापोनीच्या बँकेत पैसे.

"हात वर कर," बाप फोनवर म्हणाला.
"कशाला?"
"कर तर. आणि कुठवर जातो ते मोज."
तिला वाटलं, प्यायलाय.
तरी तिनं सिन्योराच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली,
फ्रिजशेजारच्या भिंतीला पाठ लावली,
चवड्यांवर उभी राहायचा मोह आवरला
आणि आकडा सांगितला.
एक मीटर शहाऐंशी.

तेवढ्याच उंचीवर त्यानं मांडव जोडला.
फाटकापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून ओट्यापर्यंत,
मध्ये दोन कमानी, त्याही जराशा वाकड्या,
कारण नळी वाकवायला त्याच्याजवळ
अक्रोडाचा बुंधा होता आणि स्वतःचं वजन.
वर हिरवा रंग, तोही कारखान्याचाच.
मग इझाबेलाचे वेल. काळी द्राक्षं, जाड साल,
सप्टेंबरात सगळं अंगण त्यांच्या वासानं जड.

बाप स्वतः एक मीटर एकोणनव्वद.
तीन सेंटिमीटर. एवढंच.
पण नऊ वर्षं त्याच्या कपाळाला खोक होती,
एक बरी झाली की दुसरी.
लग्नाला आलेले वाकून आले,
आजोबांची शवपेटी खांद्यावरून कमरेवर घ्यावी लागली,
पाद्र्यानं टोपी काखेत मारली.
"अरे मुर्मान, कुणासाठी बांधलंस हे, कोंबड्यांसाठी?"
बाप म्हणायचा, मोजून बांधलंय.

नवव्या शरदात सिन्योरा वारली आणि आई आली.
बॅग खाली न ठेवताच कमानीखाली थांबली.
वर पाहिलं. तिला कळलं.
तिनं हात उचलला
आणि तो कानापाशी अडकला.

म्हातारीला नऊ वर्षं उचलता उचलता
खांदा गेला होता. फोनवर दिसला नव्हता.
फोनवर कुणाचाच खांदा दिसत नाही.

बाप काहीच बोलला नाही. मीही नाही.
आईच म्हणाली, "हिरव्यात हिरवं कोण रंगवतं?
पांढरा लाव. तिथे सगळीकडे पांढऱ्या कमानी असतात,
आणि त्यांवर गुलाब."
गुलाब, बाप म्हणाला. खायचे कसे?
त्यावर दोघं चार दिवस भांडली,
मला इतकं बरं वाटलं की मी मध्ये पडले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कटरचा आवाज येईल असं वाटलं होतं.
आला तो हातगाडीचा.
क्विरिलाच्या काठची रेती, काळसर, ओली,
बाप ओतत होता मांडवाखाली, फावड्यानं पसरत होता.
एकवीस फेऱ्या. वालिको कुंपणावर हात टेकून मोजत होता.
लोखंड खाली आणता आलं असतं,
पण वेल नऊ वर्षांचे, नळीला गुंडाळलेले,
ते कोण सोडवणार?
म्हणून जमीन वर आणली. एक वीत.

आता घड आईच्या तळहातात येतो. देठ नाही.
ती खालून झेलून धरते,
बाप कंबरेत वाकून, मान वाकडी करून, कात्री चालवतो
आणि दर घडाला शिवी घालतो.

कमानी पांढऱ्या झाल्या.
एका कमानीला गुलाब लावलाय, अजून गुडघ्याएवढाच आहे.
कुत्र्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका आहे, जाता जात नाही.
आणि पाऊस आला की सगळी रेती
हळूहळू फाटकाकडे सरकते.
दर वसंतात हातगाडी बाहेर निघते.