आतली कड

ओमारुरूच्या गॅरेजात ऑगुस्टा
पुढच्या टायरवरून तळहात फिरवते,
मांजर कुरवाळावं तसा.
बाहेर येताना मऊ,
आत जाताना करवत.

"रस्ताच तसला," फिलेमोन म्हणतो. "नुसती खडी."

"खडी सगळा टायर खाते, काका.
एवढी आतली कडच
कोण कुरतडतं?"

तो टोपी काढतो, पुन्हा घालतो.
पिकपच्या दारात बायको संत्रं सोलतेय,
ऐकतच नसल्यासारखी.

"मार्चमध्ये," तो आवाज उतरवतो,
"डुलकी लागली. रानडुकराच्या बिळात चाक गेलं.
हिला सांगितलं, दगड होता."

ऑगुस्टा खाली सरपटते.
स्टिअरिंगच्या रॉडला बाक,
करंगळीएवढा.

बायको त्याच्यापुढे एक फोड धरते.
"दगडच होता," म्हणते,
"घोरत होता."